मैफलींची संग्रहित ध्वनिमुद्रणे (सातारा-सांगली परिसर)

मैफलींची संग्रहित ध्वनिमुद्रणे म्हणजे प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर झालेल्या गायन-वादनाची, त्या वेळी प्रकाशनाचा हेतू नसताना केलेली आणि पुढे काही वर्षांनी वा दशकांनी सर्वांना ऐकण्यासाठी खुली झालेली मुद्रणे होत. हिंदुस्थानी संगीताच्या संदर्भात यांत आकाशवाणीच्या निमंत्रित श्रोत्यांसमोरील सभा, उत्सवांतील सेवा, संगीत मंडळांच्या बैठका आणि घरगुती मैफली यांचा समावेश होतो. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील सातारा व सांगली या जिल्ह्यांचा आणि त्यांना लागून असलेल्या कुरुंदवाड भागाचा मुख्यतः विचार केला आहे. अशा मुद्रणांभोवती रसिकांची एक स्वतंत्र चर्चापरंपरा तयार झाली असून मुद्रणाचा काळ, स्थळ, साथीदार, पट्टी, संपादन आणि प्रकाशनाचे औचित्य हे तिचे नेहमीचे विषय आहेत.

पार्श्वभूमी : तबकडी आणि बैठक

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाला १९०२ मध्ये कलकत्ता येथे सुरुवात झाली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन ते साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. बैठकीत एखादा राग तासभर चालतो. विलंबित लयीतला खयाल एकेक स्वर घेत, समेची वाट पाहत उलगडत जातो. तबकडीसाठी गाताना कलावंताला हा सारा विस्तार गुंडाळून ठेवावा लागे. काहींनी ही मर्यादा एक वेगळी कला म्हणून हाताळली. अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्यांवरील तीन मिनिटांत रागाचे संपूर्ण रूप उभे राहते, हे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागले. तरीही तबकडी म्हणजे बैठक नव्हे, ही जाणीव रसिकांना पहिल्यापासून होती.

नाट्यसंगीताबाबत हे अंतर अधिक ठळक आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातील नागठाणे येथे १८८८ मध्ये जन्मलेल्या बालगंधर्वांच्या पदांच्या तबकड्या विपुल आहेत. परंतु रंगभूमीवर तेच पद ‘वन्स मोअर’ घेत, नवनव्या जागा दाखवीत कितीतरी लांबत असे. तो रंग तबकडीवर नाही. ज्यांनी नाटक पाहिले होते ते तबकडी ऐकून प्रयोग आठवत, आणि ज्यांनी पाहिले नव्हते ते तबकडीलाच बालगंधर्व समजत. या दोन पिढ्यांमधील संवाद बहुधा भांडणाच्या सुरात होत असे.

काही थोर कलावंतांचा तर आवाजच उरलेला नाही. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) आणि जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचे गाणे आपल्याला केवळ शिष्यांच्या गाण्यातून आणि लेखी वर्णनांतून माहीत आहे. अल्लादिया खाँच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या तबकड्या निघाल्या, परंतु मैफलीचे ध्वनिमुद्रण करू देण्यास त्या सहसा राजी नसत. त्यांच्याच भैरवीची तबकडी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हा एक विलक्षण योग म्हणावा लागेल.

परिसर आणि परंपरा

कृष्णाकाठच्या या भागाला संगीताच्या इतिहासात मोठे स्थान आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली. कुरुंदवाड येथे जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) मिरजेत त्यांच्याजवळ शिकले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि त्यांचे देहावसानही मिरजेतच झाले. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे आरंभीचे शिक्षण मिरजेत नीलकंठबुवांकडे झाले. ‘भूगंधर्व’ रहिमत खाँ यांचा अखेरचा काळ कुरुंदवाडला गेला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. तेथे गाणे म्हणजे कार्यक्रम करणे नसून हजेरी लावणे होय, अशी कलावंतांची भावना असते. तंबोरे आणि सतारी घडविणाऱ्या कारागिरांची मिरज ही पेठ आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

सातारा जिल्ह्यातील औंध हे पंतप्रतिनिधींचे संस्थान. बाळकृष्णबुवांचे शिष्य अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतुबुवा (१८८१–१९५८) यांनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये औंध येथे संगीतोत्सव सुरू केला. त्यांचे पुत्र गायक व व्हायोलिनवादक गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) यांनी तो पुढे चालविला आणि त्यांच्या शिष्यपरिवाराने आजवर टिकविला आहे. आश्विन महिन्यातील या उत्सवाला दूरदूरचे श्रोते येतात. गजाननबुवांच्या गाण्याचा मोठा भाग पुढच्या पिढीला आकाशवाणीची आणि खासगी मुद्रणे यांमुळेच ऐकता आला. या परिसरातील संग्रहांचे महत्त्व त्यावरून लक्षात यावे.

आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी या भागातील श्रोते मुंबई, पुणे आणि धारवाड ही केंद्रे ऐकत. १९५२ पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन सुरू झाल्यावर दीर्घ गायन घरबसल्या ऐकण्याची सोय झाली. ज्याच्या घरी यंत्र असे तो रेडिओशेजारी ते ठेवून हे कार्यक्रम उतरवून घेई. आज खासगी संग्रहांत सापडणाऱ्या फितींपैकी बऱ्याच फिती अशा उतरवून घेतलेल्या आहेत, आणि त्यामुळेच त्यांच्यावर मधूनच दुसऱ्या केंद्राची खरखर ऐकू येते.

स्पूल आणि कॅसेट

चुंबकीय फितीने बैठकीची लांबी प्रथमच पकडली. पाव इंच रुंदीची, बाराशे फूट लांबीची फीत सात इंची चकतीवर मावते. सेकंदाला साडेसात इंच या गतीने ती सुमारे ३२ मिनिटे चालते आणि पावणेचार इंच गतीने ६४ मिनिटे. गती कमी केली की वेळ वाढतो, पण आवाजाचा कस उतरतो. फीत महाग असल्यामुळे घरगुती मुद्रण करणारे बहुधा कमी गतीच पसंत करीत. चकती संपली की ती बदलेपर्यंत गाणे पुढे गेलेले असे. म्हणून जुन्या मुद्रणांत ऐन बढत रंगात आली असता मध्येच तुटते आणि काही आवर्तनांनंतर पुन्हा सुरू होते. जाणकार श्रोते या तुटीला ‘खाच’ न म्हणता ‘स्पूल बदलला’ एवढेच म्हणतात. त्यात तक्रार नसते, उलट त्या अज्ञात मुद्रकाची घाई त्यांना दिसत असते.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली आणि १९८० च्या दशकात ती भारतात घरोघरी पोहोचली. स्पूलवरचे गाणे कॅसेटवर, त्या कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर अशी नक्कल होत गेली. प्रत्येक नकलेत खरखर वाढते आणि वरचे स्वर मंदावतात. ‘कितवी नक्कल?’ हा प्रश्न त्यामुळे संग्राहकांच्या बोलण्यात कुळाच्या चौकशीइतकाच महत्त्वाचा असतो. मूळ स्पूल ज्याच्याकडे, त्याचा मान मोठा. या देवघेवीत पैशाला स्थान नसे. एका मैफलीच्या बदल्यात दुसरी मैफल, असा व्यवहार चाले आणि एखादी दुर्मीळ फीत ‘बाहेर द्यायची नाही’ या अटीवरच मिळे. ही अट किती पाळली गेली, हे त्या फितीच्या आज आढळणाऱ्या प्रतींवरून समजते.

याच काळात पुण्यातील अलूरकर म्युझिक हाऊससारख्या संस्थांनी अभिजात संगीताच्या कॅसेट प्रकाशित करून रसिकांची मोठी गरज भागविली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी आकाशवाणीनेही आपल्या संग्रहातील निवडक मुद्रणे सीडीरूपाने विक्रीस आणली.

रसिकांमधील वाद

मैफलीचे जुने मुद्रण खुले झाले की पहिला प्रश्न काळाचा येतो. डब्यावर पुष्कळदा कलावंताचे आडनाव आणि राग एवढेच लिहिलेले असते. अशा वेळी गाण्यातलेच पुरावे शोधावे लागतात. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ या काळात हार्मोनियमला मज्जाव होता. त्यामुळे कार्यक्रमाची उद्घोषणा असलेल्या मुद्रणात पेटीची साथ ऐकू आली तर ते १९७१ नंतरचे असावे, आणि ज्या मुद्रणाला कोणी १९६० च्या सुमाराचे रेडिओ मुद्रण म्हणतो त्यात पेटी असेल तर ते रेडिओचे नसून बैठकीचे असावे, असा तर्क करता येतो. तबलजीच्या हाताची ठेवण, शिष्याचा तंबोऱ्यामागून येणारा आवाज, कलावंताने नुकतीच बांधलेली एखादी बंदिश, हेही पुरावेच. मन्सूरांसारख्या कलावंताच्या बाबतीत गायकीच काळ सांगते : आरंभीच्या तबकड्यांत ग्वाल्हेरचे शिक्षण स्पष्ट ऐकू येते, पुढे जयपूरची पेचदार लयकारी आणि अनवट राग येतात.

दुसरा वाद पट्टीचा. तो वरवर क्षुल्लक वाटतो, परंतु सर्वांत चिवट तोच आहे. फितीची गती सहा टक्क्यांनी वाढली की स्वर अर्ध्या पट्टीने चढतो. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते आणि तासाची मैफल साडेतीन मिनिटांनी आखडते. बॅटरीवर चालणारे यंत्र असेल तर बॅटरी उतरत जाते, मुद्रण होताना फीत हळू फिरते आणि पुढे योग्य गतीवर वाजविताना स्वर हळूहळू चढत जातो. गाणे रंगत चालले म्हणून आवाज चढला असे श्रोत्याला वाटते, प्रत्यक्षात तो सेलचा महिमा असतो. अशा मुद्रणाला तंबोरा हा उत्तम साक्षीदार आहे. कारण कलावंत मैफलीच्या मध्यात षड्ज बदलत नाही, तंबोऱ्याचा षड्ज सरकत असेल तर दोष यंत्राचाच. आणखी एक साक्षीदार विजेची गुणगुण. आपल्याकडील विद्युतप्रवाह ५० हर्ट्झचा असतो आणि त्याची बारीक गुणगुण अनेक फितींवर उतरलेली असते. ती मोजून मूळ गती ठरविता येते. मात्र मुद्रण करणाऱ्या गावी त्या रात्री जनित्रावर वीज असेल तर हा आधारही डळमळतो. ‘बुवांची पट्टी ती नव्हेच’ असे छातीठोकपणे सांगणारेही चुकू शकतात. वयाबरोबर अनेक गायकांची पट्टी उतरते, आणि एखाद्या रात्री घसा बसलेला असेल तर गायक स्वतःच खाली गातो. तेव्हा स्मरणावर विसंबून गती ‘सुधारणे’ म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ करणे होय.

तिसरा वाद संपादनाचा. तंबोरे जुळविणे, तबल्यावर हातोडीचे ठोके, गायकाचे श्रोत्यांशी बोलणे, ‘वाहवा’ची दाद, कोणाचे तरी खोकणे, हे सारे प्रकाशित आवृत्तीतून काढावे की ठेवावे? एका पक्षाचे म्हणणे असे की ऐकणाऱ्याला गाणे हवे, खोकला नको. दुसऱ्या पक्षाच्या मते जुळवाजुळवीतून बैठकीचे वातावरण कळते आणि गायकाने मध्येच रागाबद्दल काढलेले चार शब्द पुस्तकातही सापडत नाहीत. या नोंदीच्या विषयापुरते पाहता दुसरा पक्ष अधिक सबळ दिसतो. दाद कोणत्या जागेला मिळाली, हे त्या काळच्या श्रोत्याच्या कानाचे मोजमाप आहे. दाद काढून टाकली की मैफलीतील अर्धा संवाद पुसला जातो. शिवाय कापलेला भाग पुढे जपला जाईल याची हमी नसते.

सर्वांत नाजूक वाद औचित्याचा. कलावंताचा आवाज लागलेला नाही, लय ढळली आहे, साथ जमलेली नाही, अशा रात्रीचे मुद्रण प्रसिद्ध करावे काय? कलावंत हयात असता तर त्याने ते फेकून दिले असते, हा आक्षेप गंभीर आहे. बैठकीत चुकण्याची मुभा असते, कारण ती रात्र संपते. तिची फीत झाली की चूक कायमची होते. याउलट अभ्यासकाला चुकलेली रात्रच अधिक शिकविते : तान फसल्यावर गायकाने स्वतःला कसे सावरले, हे निर्दोष मुद्रणात दिसत नाही. ३४ व्या वर्षी, १९५५ मध्ये निवर्तलेले दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांच्यासारख्या कलावंताबाबत तर उपलब्ध असलेला प्रत्येक मिनिट मोलाचा वाटतो. तेथे निवडीची चैन परवडत नाही. परंतु दीर्घायुषी आणि विपुल ध्वनिमुद्रित कलावंताच्या उतारवयातील थकलेली बैठक केवळ ‘अप्रकाशित’ या शिक्क्यावर बाजारात आणणे, हे रसिकतेपेक्षा संग्रहाच्या हव्यासाचे लक्षण म्हटले पाहिजे.

इतर देशांतील उदाहरण

हे सर्व प्रश्न केवळ रागसंगीताचे नाहीत. अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांत गाणी दर वेळी निराळ्या प्रकारे विस्तारली जात. त्यामुळे त्यांच्या चाहत्यांना प्रत्येक कार्यक्रमाचे मुद्रण हवे असे. वाद्यवृंदाने या मुद्रकांना अडविले नाही. १९८४ पासून सभागृहात त्यांच्यासाठी वेगळी जागाच राखून ठेवली. फितींची अदलाबदल करावी, विक्री करू नये, असा संकेत होता. पुढे १९९३ पासून वाद्यवृंदाने स्वतःच्या संग्रहातील कार्यक्रम ‘डिक्स पिक्स’ या मालिकेतून प्रसिद्ध केले. मालिकेला फितींचे संग्रहपाल डिक लाटव्हाला यांचे नाव दिलेले होते. बॉब डिलन यांच्या अप्रकाशित मुद्रणांची अधिकृत मालिका १९९१ मध्ये सुरू झाली. चोरून फिरणाऱ्या प्रतींना उत्तर म्हणून खुद्द हक्कदारांनीच चांगली प्रत द्यावी, हे तिचे धोरण.

तिकडच्या चाहत्यांचे वादही आपल्यासारखेच आहेत : कोणती रात्र श्रेष्ठ, गती बरोबर आहे काय, टाळ्या ठेवाव्यात काय. भेद एवढाच की तेथे कार्यक्रमांच्या तारखा आणि गाण्यांचा क्रम यांची नोंद चाहत्यांनी पहिल्यापासून काटेकोर ठेवली. आपल्याकडे कान तयार होते, वही तयार नव्हती.

कायदेशीर बाजू

कलावंताच्या सादरीकरणावरील हक्क भारतीय कायद्यात बराच उशिरा आला. प्रतिलिप्यधिकार अधिनियम १९५७ चा असला तरी सादरकर्त्याचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने त्यात दाखल झाला. आरंभी त्याची मुदत २५ वर्षे होती, १९९९ मध्ये ती ५० वर्षे करण्यात आली. खासगी उपयोगासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणास कायदा या हक्काचा भंग मानत नाही. परंतु खासगी मुद्रण पुढे प्रसिद्ध करणे ही निराळी गोष्ट असून त्यासाठी कलावंताची, अथवा त्याच्या पश्चात वारसांची, संमती विचारात घ्यावी लागते. मुख्य गायकाबरोबर साथीदारही सादरकर्तेच ठरतात, हे पुष्कळदा विसरले जाते.

२०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला नैतिक अधिकार मिळाले : आपले नाव दिले जावे आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड होऊ नये. मात्र केवळ संपादनासाठी किंवा वेळेच्या मर्यादेत बसविण्यासाठी काही भाग वगळणे ही बाधा समजली जात नाही, असे स्पष्टीकरण कायद्यातच आहे. वर सांगितलेल्या संपादनाच्या वादात कायदा रसिकांच्या मदतीला येत नाही, तो असा.

जतन आणि नोंदी

फीत ही अल्पायुषी वस्तू आहे. तिच्यावरील चुंबकीय थर ज्या चिकट द्रव्याने बसविलेला असतो ते दमट हवेत पाणी शोषते, मग फीत यंत्राच्या मुखाला चिकटते आणि थर खरवडून निघतो. १९७० च्या दशकातील काही फितींत हा दोष विशेष आढळतो. अशी फीत तज्ज्ञांकडून मंद उष्णतेवर कित्येक तास तापवून तात्पुरती वाजविण्याजोगी करता येते, तेवढ्या अवधीत तिचे अंकीकरण उरकावे लागते. जुन्या ॲसिटेट फितींना व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला तर तिचा नाश सुरू झाला असे समजावे. वर्षानुवर्षे न फिरविलेल्या फितीत एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो आणि गायकाने ‘सा’ लावण्याच्या क्षणभर आधीच त्या ‘सा’चे भूत ऐकू येते. फीत उलट्या टोकाने गुंडाळून ठेवल्यास हा प्रतिध्वनी मूळ स्वराच्या नंतर येतो आणि त्यात झाकला जातो. कॅसेटच्या बाबतीत बुरशी हा मुख्य शत्रू. पश्चिम साताऱ्याच्या पावसाळी हवेत तो अधिकच बळावतो.

सांगलीत याहून मोठे संकट कृष्णेच्या पुराचे आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. २०१९ च्या पुरात सांगली नगरवाचनालयातील हजारो पुस्तके भिजून नष्ट झाली. पुस्तकाची दुसरी प्रत अन्यत्र असू शकते. घरातल्या कपाटातील एकमेव स्पूलला तशी आशा नसते. भिजलेली फीत उन्हात वाळवू नये आणि ओली असताना यंत्रावर चढवू नये. स्वच्छ पाण्याने गाळ काढून, सावलीत थंड हवेवर वाळवून ती जाणकाराकडे न्यावी. पाण्याने फीत लगेच मरत नाही, घाईने मरते.

देशात ध्वनिसंग्रहणाचे काम करणाऱ्या संस्थांत मुंबईचे राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र, कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी, गुरुग्राम येथील लोकसंगीतविद्येचे संग्रह व संशोधन केंद्र यांचा उल्लेख करता येतो. जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची संघटना १९९० पासून मुंबईत कार्यरत आहे. या संस्थांकडे फीत सोपविताना तिच्यासोबत माहिती दिली नाही, तर तिचे मोल निम्म्याने उतरते.

म्हणून डब्यावर काय लिहावे, यालाही महत्त्व आहे. कलावंत, साथीदार, तंबोऱ्यावरचे शिष्य, राग व बंदिश, गाव आणि जागा, तिथी असल्यास तिथी, यंत्राची गती, मूळ की नक्कल, मुद्रण कोणी केले, एवढे तरी लिहिलेले असावे. केवळ ‘उरूस, मारवा, सुंदर’ असा शेरा पुढच्या पिढीला उपयोगी पडत नाही, जरी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्यात सारे काही आलेले असले तरी. तारीख आठवत नसेल तर अंदाजाची तारीख अंदाजाची म्हणूनच लिहावी. एकदा लिहिलेली चुकीची तारीख नकलेबरोबर पसरत जाते आणि ती पुसणे फितीवरची बुरशी पुसण्याहून कठीण असते. ज्यांच्यासमोर ही मैफल झाली अशा वृद्ध श्रोत्यांना फीत ऐकवून त्यांचे बोलणेही मुद्रित करून ठेवण्याची पद्धत अलीकडे काही संग्राहकांनी अवलंबिली आहे. दाद देणारा आवाज कोणाचा, पेटीवर कोण होते, मध्येच कोणाला ‘या, बसा’ म्हटले गेले, हे ओळखू शकणारी माणसे अद्याप मिरज, सांगली आणि औंध येथे भेटतात.